शब्दाआधीचे बोट

दीड वर्षाच्या मुलाला भरवायचे तर मराठी घरात कावळा लागतो. आजी त्याला कडेवर घेऊन खिडकीशी उभी राहते, बोट दाखवते, ‘तो बघ काऊ!’ मूल आधी बोटाकडे बघते, मग बोटाच्या रोखाने कावळ्याकडे, मग पुन्हा आजीच्या तोंडाकडे. ‘तूही बघितलास ना?’ असा त्या वळण्याचा अर्थ. तेवढ्यात वरणभात आत जातो. पुढचा घास चिऊचा. घास भरवून झाला एवढेच आजीला कळते. पण त्या चार सेकंदांत मूल, माणूस आणि वस्तू अशा तिघांची गाठ पडलेली असते. या गाठीला बालभाषेचे अभ्यासक ‘सामायिक लक्ष’ म्हणतात: दोघांनी एकाच गोष्टीकडे पाहणे आणि आपण दोघे पाहतो आहोत हे दोघांनाही ठाऊक असणे. स्वमग्न मुलांच्या भाषेवर गेल्या पन्नास वर्षांत जे काम झाले, त्याचा मोठा हिस्सा या खिडकीपाशीच घुटमळतो.

घरातली काळजी मात्र सुरू होते जिभेपासून. ‘दोन वर्षं झाली, अजून आई म्हणत नाही.’ यावर नातेवाइकांची उत्तरे तयार असतात. मुलगे उशिराच बोलतात. याचा मामा चार वर्षांचा होईस्तोवर मुका होता, आता कोर्टात वकिली करतो. जीभ जड असेल, वेखंड उगाळून चाटवा. यातले पहिले उत्तर अगदीच खोटे नाही. दोन वर्षांच्या मुलांपैकी साधारण १० ते १५ टक्के मुले उशिरा बोलणारी असतात आणि त्यांतली बरीचशी पुढे बरोबरीला येतात. पण असे मूल मुकेपणीही अखंड सांगत असते. विमान गेले की बोट वर करून तुमच्याकडे वळते, नको असलेल्या भाजीला मान हलवते, लपवलेली चावी कुठे आहे ते डोळ्यांनी दाखवून हसते. स्वमग्न मूलही तुम्हाला स्वयंपाकघरात ओढत नेईल. पण तुमचा हात उचलून तो डब्यावर ठेवेल, जणू हात हा एक चिमटा आहे, आणि तुमच्या तोंडाकडे बघणार नाही. ‘किती शब्द बोलतो?’ हा प्रश्न गैर नाही, पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न: तो तुम्हाला काही दाखवतो का?

हा पहिला प्रश्न सापडायला वैद्यकाला बरीच वर्षे लागली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. आजच्या अर्थाने स्वमग्नतेचा इतिहास तिथून मोजतात. या ११ जणांपैकी ८ मुले बोलत होती, ३ बोलत नव्हती. म्हणजे न बोलणे हे पहिल्या दिवसापासून या स्थितीचे मुख्य लक्षण नव्हतेच. कॅनरना चकित केले ते बोलणाऱ्या आठांनी. ती मुले वाक्येच्या वाक्ये जशीच्या तशी परत म्हणत, ‘मी’च्या जागी ‘तू’ म्हणत, आणि एखादा शब्द पहिल्यांदा जिथे भेटला त्या प्रसंगाला तो कायमचा चिकटवून ठेवत. पहिला रुग्ण डोनाल्ड. ‘तुला खांद्यावर घेऊ का?’ या प्रश्नाला तो तोच प्रश्न परत म्हणे. वडिलांनी शिकवले, हवे असेल तर ‘हो’ म्हण. डोनाल्ड ‘हो’ म्हणायला शिकला. मात्र त्यानंतर ‘हो’ या शब्दाचा त्याच्यापुरता अर्थ झाला ‘मला खांद्यावर घे’.

१९४६च्या एका लेखात कॅनर यांनी असाच दुसरा मुलगा दाखवला. आई त्याला भोपळेखाऊ पीटरचे बडबडगीत म्हणून दाखवत होती, त्याच क्षणी तिच्या हातून सॉसपॅन खाली पडले. तेव्हापासून सॉसपॅनसारखे काही दिसले की मुलगा ‘पीटर ईटर’ म्हणे. ऐकणाऱ्याला हे असंबद्ध वाटेल, पण मुलाच्या बाजूने गणित चोख आहे: जो आवाज कानावर पडला तो त्या क्षणी समोर असलेल्या वस्तूचे नाव. चूक इतकीच की बोलणाऱ्याचे लक्ष कुठे आहे हे त्याने पाहिले नाही. पुढे १९९७ साली सायमन बॅरन-कोहेन, डेअर बाल्डविन आणि सहकाऱ्यांनी हेच प्रयोगात उतरवले. मूल एका अनोळखी खेळण्याकडे बघत असताना मोठे माणूस दुसऱ्याच खेळण्याकडे बघून नवा शब्द उच्चारते. इतर मुले मान वळवून बोलणाऱ्याच्या नजरेची दिशा पकडतात आणि शब्द तिकडे लावतात. स्वमग्न मुले बहुधा तो शब्द स्वतः बघत असलेल्या खेळण्यालाच लावतात. घरात दिवसभर शेकडो शब्द हवेत उडत असतात. त्यांतले निम्मे चुकीच्या वस्तूला चिकटले, तर शब्दसंग्रह कसा घडेल याची कल्पना करावी.

मधल्या काळात मात्र शास्त्राने आईला धारेवर धरले. कॅनर यांनी आपल्या पहिल्याच लेखाच्या शेवटी ही उणीव जन्मजात असावी असे लिहिले होते. तरी त्याच लेखात पालकांच्या थंडपणाबद्दलही शेरे होते, आणि लोकांनी नेमके तेच उचलले. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७च्या पुस्तकात ‘थंड आई’ची कल्पना घरोघर पोचवली. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः अशा मुलाचे वडील होते. त्यांनी १९६४मध्येच या कल्पनेला सप्रमाण उत्तर दिले होते. आज हे मत कोणी जाणता डॉक्टर मांडत नाही. आपल्याकडे ते वेष बदलून फिरते: आई नोकरी करते म्हणून, घरात बोलायला माणसे नाहीत म्हणून, मोबाइल दिला म्हणून. मोबाइलने स्वमग्नता होते असे सिद्ध झालेले नाही. मोबाइलपुढे गेलेला तास काऊच्या घासाचा नसतो, एवढे मात्र खरे, आणि ते सगळ्याच मुलांना लागू आहे.

बोटाचा शोध १९७५चा. एलिझाबेथ बेट्स आणि तिच्या इटालियन सहकाऱ्यांनी बोलायच्या आधीच्या बाळांकडे पाहून दोन प्रकारची बोटे वेगळी काढली. एक बोट म्हणते ‘हवं’, दुसरे म्हणते ‘बघ’. पहिल्याला बिस्कीट मिळाले की काम झाले. दुसऱ्याला बिस्कीट नको असते, दुसऱ्या माणसाचे मन हवे असते. स्वमग्न मुलांत ‘हवं’चे बोट उशिरा का होईना येते, ‘बघ’चे बोट फार उशिरा किंवा क्वचित येते. पीटर मंडी, मारियन सिगमन आणि कॉनी कसारी यांनी १९९०मध्ये दाखवले की वर्षभरानंतरच्या भाषेचा अंदाज मुलाच्या बुद्ध्यंकावरून किंवा तेव्हाच्या शब्दांवरून लागला नाही. लागला तो सामायिक लक्षाच्या हावभावांवरून. आज १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी जगभर वापरली जाणारी एम-चॅट ही २० प्रश्नांची चाचणी पाहा. तिच्यात काही मागण्यासाठी बोट दाखवणे आणि मजेची गोष्ट दाखवण्यासाठी बोट दाखवणे हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पालक घाईत दोन्हींना ‘हो’ म्हणून मोकळे होतात. तिथे थांबून विचारणारा डॉक्टर भेटणे हे नशीब.

याहून मागे किती जाता येते? ऑस्टरलिंग आणि डॉसन यांनी १९९४ साली पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती चित्रफिती तपासल्या. पुढे स्वमग्न ठरलेली मुले केकपाशी बसूनही माणसांकडे कमी बघत होती, नावाला ओ कमी देत होती, दाखवणे आणि बोट करणे कमी होते. मग ज्यांचे थोरले भावंड स्वमग्न आहे अशा बाळांना जन्मापासून पाहण्याचे अभ्यास सुरू झाले, कारण त्यांच्यात शक्यता जास्त: सॅली ओझोनॉफ यांच्या २०११च्या मोठ्या अभ्यासात ६६४ बाळांपैकी १८.७ टक्के पुढे स्वमग्न ठरली. ओझोनॉफ यांना सहाव्या महिन्यात हसणे, बघणे, आवाज काढणे यांत फारसा फरक दिसला नाही. तो सहा ते बारा महिन्यांत हळूहळू पडत गेला. उलट वॉरन जोन्स आणि अमी क्लिन यांनी २०१३मध्ये डोळ्यांचा माग घेणारे यंत्र लावून दाखवले की माणसाच्या डोळ्यांकडे बघणे दुसऱ्या महिन्यापासूनच उतरणीला लागलेले असते. दोन्ही निष्कर्षांत मला विरोध दिसत नाही. आईला आणि बालरोगतज्ज्ञाला जे दिसू शकते ते वर्षाच्या आसपासच दिसते. यंत्राला आधी दिसते.

एक गोष्ट पालकांना सगळ्यांत जास्त पोळते. आलेले शब्द जातात. ‘दूध’, ‘बाबा’, ‘भुर्र’ म्हणणारे मूल दीड-पावणेदोन वर्षांचे असताना गप्प होते. २०१३च्या एका एकत्रित आढाव्यात असे मागे सरकणे सुमारे ३२ टक्के स्वमग्न मुलांत नोंदले गेले, सरासरी वय २१ महिने. हे वय लशींच्या, पाळणाघर सुरू होण्याच्या, घर बदलण्याच्या काळाशी जुळते, म्हणून दोष कुठल्या तरी ताज्या घटनेवर जातो. लशीचा संबंध अनेक देशांतल्या लाखो मुलांच्या अभ्यासांत तपासला गेला आणि सापडला नाही.

आता त्या परत म्हणण्याकडे येऊ. आपण त्याला पोपटपंची म्हणतो, शास्त्र इकोलालिया म्हणते. बराच काळ ही मोडायची खोड मानली जाई. बॅरी प्रिझंट आणि ज्यूडिथ डुकन यांनी १९८१मध्ये स्वमग्न मुलांची अशी प्रत्युत्तरे बारकाईने तपासली आणि त्यांत हेतू सापडले: होकार, आपली पाळी घेणे, विचाराला अवधी मिळवणे, स्वतःला सूचना देणे. मराठीत याचे रूप थोडे निराळे होते, आणि इंग्रजीतल्या प्रश्नावल्या घेऊन बसलेल्यांनी ते लक्षात घ्यायला हवे. आपण लहान मुलाशी बोलताना ‘मी-तू’ फारसे वापरतच नाही. ‘आई देते हं’, ‘बाळाला भूक लागली?’ असे बोलतो. शिवाय क्रियापदच कर्ता सांगते, त्यामुळे सर्वनाम गळून पडते. तेव्हा मराठी मूल ‘तू’ म्हणाले नाही म्हणून सर्वनामांची उलटापालट नाही असे समजू नये. ती क्रियापदाच्या शेपटीत ऐकू येते: दूध हवे असलेला मुलगा ‘दूध पितोस?’ असे म्हणत आईकडे येतो. प्रश्नाचा सूरही तसाच, आईचाच. त्यावर ‘पितोस नाही, पितो म्हण’ अशी शिकवणी घेण्यापेक्षा त्याच्या बाजूने ‘दूध पितो’ असे म्हणून पेला पुढे करणे अधिक कामाचे.

इकोलालियाचा सध्या दुसरा टोकाचा अर्थही जोरात आहे. काही मुले अख्खी वाक्ये गिळून मग त्यांचे तुकडे पाडत भाषा शिकतात, असा विचार समाजमाध्यमांवर फिरतो आणि त्यावर बेतलेली महागडी प्रशिक्षणे विकली जातात. मुलाच्या उसन्या वाक्याला अर्थ असतो, हा त्यातला भाग पटण्यासारखा. ठरावीक पायऱ्यांच्या त्या पद्धतीने मुले लवकर बोलती होतात, याला मात्र भक्कम पुरावा अजून नाही.

इथवर वाचणाऱ्याला वाटेल, खिडकीशिवाय भाषा नाही. मलाही तसेच वाटत होते. ट्युनिशियातल्या एका अभ्यासाने त्याला तडा दिला. तिथे घरात, रस्त्यावर ट्युनिशियाची बोली चालते. प्रमाण अरबी शाळेत आणि टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये. मिखाइल किसीन आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये नोंदवले की तिथली काही स्वमग्न मुले घरच्या बोलीऐवजी प्रमाण अरबीचे शब्द आणि रूपे वापरतात, जी घरात त्यांच्याशी कोणीच बोलत नाही. म्हणजे ती पडद्यावरून आली, कोणाच्याही बोटाशिवाय. ज्या मराठी घरात आईबाबा आजीशी मराठी बोलतात आणि तीन वर्षांचा मुलगा अमेरिकी उच्चारात रंग, ग्रह, इंग्रजी मुळाक्षरे म्हणतो, त्या घराला हे चित्र ओळखीचे वाटेल. अशाच मुलांत काही बोलण्याआधी वाचायला लागतात. मॉन्ट्रियलचे लोरां मोत्रों तर म्हणतात की सामायिक लक्ष हा स्वमग्न भाषेचा एकमेव दरवाजा मानणेच चूक. काही मुले अक्षरे, आकडे, नमुने यांच्या वाटेने भाषेत येतात. हे मत पूर्ण मान्य करायला मी कचरतो, कारण ग्रहांची नावे सांगणारा मुलगा तहान लागली हे सांगेलच असे नाही. पण मुलाला जे आवडते ते काढून घेऊन ‘आधी माझ्याकडे बघ’ म्हणण्याची जुनी थेरपी यापुढे टिकत नाही, एवढे या मंडळींनी नक्की केले.

पुढे काय होते? एरिका वोडका आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये अशी ५३५ मुले पाहिली जी चार वर्षांची असताना वाक्य जोडत नव्हती. आठव्या वर्षी किंवा नंतर तपासले तेव्हा ७० टक्के छोटी वाक्ये बोलत होती, ४७ टक्के सहज बोलत होती. हे आकडे ‘पाच वर्षांपर्यंत बोलला नाही तर संपलं’ या दवाखान्यांत ऐकू येणाऱ्या वाक्याचे उत्तर आहेत. दुसरी बाजूही लपवू नये: स्वमग्न मुलांपैकी अंदाजे ३० टक्के शाळेच्या वयातही फार थोडे शब्द बोलतात.

उपचारांचा पुरावा जाहिरातींइतका चकचकीत नाही. लोवास यांचा १९८७चा, आठवड्याला ४० तास शिकवण्याचा प्रयोग केवळ १९ मुलांवरचा होता आणि त्यावर एक उद्योग उभा राहिला. सॅली रॉजर्स आणि जेराल्डिन डॉसन यांच्या ‘अर्ली स्टार्ट डेन्व्हर मॉडेल’ची २०१० सालची चाचणी १८ ते ३० महिन्यांच्या ४८ मुलांवर झाली, दोन वर्षांनी विकासाच्या गुणांत चांगली वाढ दिसली. तीच पद्धत २०१९मध्ये तीन ठिकाणी तपासली तेव्हा भाषेतला फायदा दोनच ठिकाणी निघाला. २०२०मध्ये मिशेल सँडबँक आणि सहकाऱ्यांनी १५० अभ्यास एकत्र चाळले. खेळता-खेळता शिकवण्याच्या पद्धती त्यातल्या त्यात उजव्या ठरल्या. पण मोजणाऱ्याला कोणत्या मुलावर उपचार झाले हे ठाऊक नव्हते, असेच अभ्यास ठेवले, तर ठाम म्हणावे असे फारसे उरले नाही. याचा अर्थ थेरपी निरुपयोगी असा नव्हे. ‘सहा महिन्यांत बोलता करू’ असे लिहून देणाऱ्याकडे जाऊ नये, असा आहे. स्टेम सेलवाल्यांकडे तर नाहीच. भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती मंडळाने २०२२मध्येच स्वमग्नतेसाठी त्या उपचाराची शिफारस नाही असे सांगितले आहे.

आपल्यापुरता सर्वांत मोलाचा प्रयोग गोव्यात झाला. मँचेस्टरच्या जोनाथन ग्रीन यांनी पालकांसाठी एक पद्धत बसवली होती: मुलाशी खेळतानाचा आपला व्हिडिओ पालकाने तज्ज्ञाबरोबर पाहायचा, आणि मुलाने केलेली बारीकशी खूण कुठे निसटली ते शोधायचे. मूल मोटारीचे चाक फिरवत असेल तर ‘हा रंग कुठला?’ विचारायचे नाही, ‘चाक. फिरतंय’ म्हणायचे आणि थांबायचे. आपल्या घरात हे थांबणेच अवघड. गोव्यातली ‘संगाथ’ ही संस्था आणि पाकिस्तानातले रावळपिंडी इथे ही पद्धत दक्षिण आशियासाठी बदलून घेतली गेली; ती शिकवायला तज्ज्ञ थेरपिस्ट न घेता स्थानिक आरोग्य कार्यकर्त्यांना तयार केले. दोन ते नऊ वर्षांच्या ६५ मुलांवरचे निष्कर्ष २०१६ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त आले. पालक मुलाच्या लक्षाशी जुळवून घेऊन बोलू लागले आणि मुले स्वतःहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागली. दोघांनी मिळून लक्ष देण्याचा वेळ मात्र घटला. प्रयोगकर्त्यांनी तोही छापला, म्हणून बाकीच्या आकड्यांवर माझा विश्वास बसतो. जिथे जिल्ह्याला एखादाच स्पीच थेरपिस्ट आहे तिथे, मला वाटते, वाट याच दिशेने जाते.

पुण्या-मुंबईपासून लंडन आणि न्यू जर्सीपर्यंतच्या मराठी आईबापांना एक सल्ला हमखास मिळतो: घरी एकच भाषा ठेवा, आणि ती इंग्रजी ठेवा, शाळा तीच आहे. हा सल्ला पुराव्याविना दिला जातो. कॅनडापासून सुरू झालेल्या अनेक अभ्यासांत दोन भाषा ऐकणारी स्वमग्न मुले एका भाषेतल्या मुलांपेक्षा मागे पडलेली आढळली नाहीत. तोटा होतो तो वेगळाच. अडखळत्या इंग्रजीत आई कमी बोलते, आजी तर बोलेनाशीच होते, आणि खिडकीपाशी कोणी उभेच राहत नाही.

चित्रांनी बोलण्याबद्दलचे भयही असेच बिनबुडाचे. चित्रे दाखवून मागायला शिकवले तर मूल बोलायचा आळस करील, असे वाटते. अभ्यास सांगतात, चित्रांनी किंवा बोलक्या टॅबलेटने बोलणे अडत नाही, काही मुलांत वाढतेच. मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक आरेखन केंद्रात तयार झालेले ‘जेलो’ हे अ‍ॅप फुकट आहे आणि मराठीत चालते. चेन्नईचे ‘आवाज’ही भारतीय भाषांत आहे.

मूल दीड वर्षाचे आहे, ‘बघ’चे बोट दिसत नाही, हाक मारली की वळत नाही, तर मामाची वकिली बाजूला ठेवा आणि आधी कानाची ‘बेरा’ तपासणी करून घ्या. ऐकू कमी येणारे मूलही असेच वागते आणि तो दोष लवकर सापडला तर त्यावर उपाय करता येतात. सरकारी बाल आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांशी जोडलेली लवकर हस्तक्षेपाची केंद्रे आहेत. तिथे निदानाचा कागद हातात येण्याची वाट न पाहता नाव लावा. नंबर लागेपर्यंत रोज खिडकीपाशी उभे राहा. मूल कावळ्याकडे न बघता पंख्याकडे बघत असेल, तर पंख्याचा घास द्या, आणि ‘पंखा’ मराठीतच म्हणा.